बिलातील एक ओळ

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी पिंपरीतील एका रुग्णालयात ११ दिवस होतो. घरी परतताना हाती दोन कागद पडले. एक डिस्चार्ज कार्ड व दुसरे बिल. कार्डावर तीन डॉक्टरांची नावे त्यांच्या पदव्यांसह छापलेली होती. बिल चार पानांचे होते. हातमोज्यांचे जोड, सलाईनच्या नळ्या, ऑक्सिजनचे तास, जेवणाचे डबे, सारे त्यात मोजून लिहिले होते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक ओळ होती : 'नर्सिंग चार्जेस, ११ दिवस.' पुढे रक्कम. ज्या बाईमुळे ते बिल वाचण्यासाठी मी जिवंत राहिलो, तिचा उल्लेख एवढाच.

पाचव्या रात्रीची गोष्ट. संध्याकाळच्या फेरीत डॉक्टरांनी केस पेपरवर 'प्रकृती स्थिर' असा शेरा मारला होता. मलाही त्रास असा जाणवत नव्हता. उलट एक सुखद गुंगी येत होती. रात्री एकच्या सुमारास नाईट ड्यूटीची परिचारिका माझ्या खाटेपाशी थांबली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९२ हा आकडा होता. तिने तो पाहिला, पण त्यावर विसंबली नाही. माझ्या छातीवर हात ठेवून, भिंतीवरील घड्याळाकडे पाहत, तिने पूर्ण एक मिनिट माझे श्वास मोजले. पुन्हा एकदा मोजले. "फादर, झोपू नका. बोलत राहा," असे सांगून ती टेबलाकडे गेली आणि तिने फोन लावला.

संभाषणाची एकच बाजू मला ऐकू येत होती. "सर, श्वास ३२ आहेत... हो सर, ९२, पण श्वास ३२ आहेत... हो सर, सकाळी... बरं सर." दहा मिनिटांनी दुसरा फोन. पुन्हा "बरं सर." मधल्या वेळात तिने मला पालथे झोपवले, छातीखाली उशी सरकवली. तिसरा फोन मात्र तिने त्या डॉक्टरांना केला नाही. तिने थेट तज्ज्ञांना त्यांच्या घरी उठवले. अडीच वाजता मला अतिदक्षता विभागात हलवण्यात आले. अर्धा तास उशीर झाला असता तर, असे ते तज्ज्ञ पुढे एकदा म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून हसले. त्या तिसऱ्या फोनबद्दल तिला सकाळी सर्वांसमक्ष बोलणी बसली, हे मी वॉर्डात परत आल्यावर शेजारच्या खाटेवरील कामगाराने सांगितले.

त्या दिवसांत सर्वांच्याच अंगावर पांढरे पीपीई किट असे. ओळख पटावी म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहीत. तिचे नाव घामाने फिसकटले होते; 'सिस्टर' एवढाच शब्द वाचता येत होता. जून महिन्यात जरा चालण्याची शक्ती आल्यावर मी त्या रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन तिचे नाव विचारले. लिपिक सौजन्याने वागला. रात्रपाळीच्या सिस्टर कंत्राटदाराकडून येत असत व यादी दर आठवड्याला बदलत असे, असे तो म्हणाला. कंत्राटही मे महिन्यात संपले होते.

आपल्या कुटुंबांत 'सिस्टर' या शब्दाचा नेहमीच घोटाळा होतो. कॉन्व्हेंटमधील धर्मभगिनी ती सिस्टर आणि रुग्णालयातील परिचारिका तीही सिस्टर. हा घोटाळा इतिहासातून आलेला आहे. युरोपात शतकानुशतके रुग्णसेवा धर्मसंघांच्या हाती होती. पुढे झगा गेला, संबोधन राहिले. आणि संबोधनाबरोबर एक समजूतही राहिली : ही सेवा म्हणजे व्रत आहे, तेव्हा वेतन, विश्रांती, अधिकार ही भाषा सिस्टरच्या तोंडी शोभत नाही. या समजुतीला आम्ही धर्मगुरूंनी खतपाणी घातले आहे. मी घातले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सेमिनरीत असताना आम्हाला रुग्णभेटीसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवीत. आजाऱ्याशी कसे बोलावे, मरणासन्न माणसापाशी किती वेळ बसावे, हे सारे आम्हाला नीट शिकवले गेले. आम्ही वॉर्डात शिरत असू, डॉक्टर दिसले तर त्यांना नमस्कार करीत असू, रुग्णाच्या कपाळावर क्रूसाची खूण करीत असू आणि दाराशेजारच्या टेबलावरून तसेच पुढे निघून जात असू. त्या टेबलापाशी जी बसलेली असे, ती त्या रुग्णाजवळ रात्रभर उभी राहिलेली असे. तिला आधी विचारावे, 'आज कसे आहेत?' हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि सुचलेही नाही.

माझ्या धर्मग्रामात परिचारिका पुष्कळ. काही केरळमधून आलेल्या, काही वसईकडच्या; पण बऱ्याच जणी अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतील खेड्यांतून आलेल्या. बापाने ऊसतोडीचे किंवा दुसऱ्याच्या शेतातील काम केले, मुलगी नर्सिंग शिकली, पिंपरी-चिंचवडला आली आणि तिच्या पगारावर मागची भावंडे शिकली, अशी घरे मी दहा-वीस तरी दाखवू शकेन. कोणी संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, कोणी मोहननगरच्या ईएसआयमध्ये, कोणी भोसरी-चाकणच्या लहान खाजगी रुग्णालयांत. चाकणला जाणाऱ्या मुलींचे हाल वेगळे. कारखान्याचा कामगार कंपनीच्या बसने जातो. दुपारपाळी संपवून निघालेली नर्स मात्र तळेगाव चौकात ट्रकांच्या रांगेच्या कडेला शेअर रिक्षाची वाट पाहत उभी असते.

आणि तिचे काम काय, तर ते ऐकण्यासारखे आहे. प्रेस मशीनखाली बोट तुटलेला कामगार येतो. बरोबरच्या मित्राने ते बोट भाबडेपणाने बर्फाच्या डब्यात टाकून आणलेले असते. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी मरतात. ते बोट ओल्या निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. शल्यविशारद वाहतूक कोंडीतून येऊन पोहोचेपर्यंत हे कोणी केले की नाही, यावर ते बोट पुन्हा जुळण्याची आशा अवलंबून असते. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी हे करते. त्या कामगाराच्या कागदपत्रांतही तिचे नाव नसते.

दरवर्षी १२ मेच्या जवळच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी या सर्वांना वेदीसमोर बोलावीत असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस, सन १८२०. प्रत्येकीला एक गुलाब, टाळ्या, आणि माझे चार शब्द. त्या चार शब्दांत 'देवदूत' हा शब्द हमखास असे. देवदूतांना भूक नसते, पाळी नसते, घरभाडे नसते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता ती खोली. शहराच्या हद्दीवर एका विश्वस्त संस्थेचे रुग्णालय आहे. त्याच्या सल्लागार समितीवर मी काही वर्षे होतो. सन २०१७ मध्ये तेथे संगणकीकरण झाले व हिशेब विभागाला जागा कमी पडू लागली. पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारी परिचारिकांची एक खोली होती. तेथे त्या गणवेश बदलीत, डबा खात, रात्रपाळीत पाठ टेकीत. ती खोली हिशेब विभागाला द्यावी असा ठराव आला. परिचारिकांनी तळमजल्यावरील भांडार वापरावे असे ठरले. भांडाराला आतून कडी नव्हती. हे मला माहीत नव्हते. पण मी विचारलेही नव्हते. ठरावावर माझी सही आहे.

महिनाभराने वरिष्ठ परिसेविका १७ जणींच्या सह्यांचा अर्ज घेऊन समितीपुढे आल्या. त्यांना उभेच ठेवण्यात आले. अर्ज पुढील सभेसाठी ठेवावा असे ठरले. बाहेर पडताना मी त्यांना गाठले आणि समजावणीच्या सुरात म्हणालो, "सिस्टर, सेवा म्हटली की थोडा त्याग आलाच."

त्या थांबल्या. पंचविशीतली कोणी असती तर मान खाली घालून गेली असती. या बाईंची तीस वर्षे नोकरी झाली होती. म्हणाल्या, "फादर, त्याग आमचा आम्ही करतो. तो तुम्ही ठरावात लिहू नका." आणि मग दोन पायऱ्या उतरून, मागे वळून म्हणाल्या, "अरुणा शानभाग कपडे बदलायलाच तळघरात गेली होती, फादर. विसरलात का?"

विसरलो नव्हतो. परंतु ती हकिगत मी आजवर वेगळ्याच प्रश्नासाठी लक्षात ठेवली होती. दयामरण योग्य की अयोग्य, यावरील चर्चेत आम्ही तिचे नाव घेत असू. ती एक परिचारिका होती, कामाच्या जागी कपडे बदलताना तिच्यावर घाला आला, हे त्या चर्चेत तळटीपेसारखे राहून जाई.

अरुणा शानभाग मूळची कर्नाटकातील हळदीपूरची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती कनिष्ठ परिचारिका होती. दिनांक २७ नोव्हेंबर १९७३ रोजी संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ती तळघरात गणवेश बदलण्यासाठी गेली. तेथे रुग्णालयातील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला व तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता ती रक्ताच्या थारोळ्यात सापडली. रात्रभर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. आरोपीला जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतील परिचारिकांनी तेव्हा संप केला. त्यांची मागणी साधी होती : आम्हाला सुरक्षित जागेत काम करता यावे.

पुढची जवळजवळ ४२ वर्षे अरुणा केईएमच्या चार नंबर वॉर्डालगतच्या एका खोलीत होती. ज्या मैत्रिणींनी तिला पहिल्यांदा आंघोळ घातली त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्याही निवृत्त झाल्या. शेवटी तिची सेवा करणाऱ्या मुली अशा होत्या की हल्ला झाला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना बेडसोअर होतात. दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा. ज्यांच्या घरी असा आजारी माणूस महिनाभर तरी होता, त्या वाचकांना मी काय म्हणतो ते कळेल. एवढ्या वर्षांत अरुणाच्या अंगाला बेडसोअर होऊ दिला गेला नाही. १९८० नंतरच्या दशकात ती खाट मोकळी करण्यासाठी तिला हलवण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला. परिचारिका आड उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. त्या वेळी त्यांच्या हाती कोणता कायदेशीर अधिकार होता? कोणताच नाही.

तो अधिकार त्यांना दिनांक ७ मार्च २०११ रोजी मिळाला. तिच्या जीवनावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी, अरुणाला देण्यात येणारे अन्न थांबवून तिला शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली होती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. निष्क्रिय दयामरणाला त्याच निकालाने काही अटींवर वाट मोकळी करून दिली. तो विषय मोठा आहे व त्यावर या अंकात लिहिण्याचा माझा हेतू नाही. मला त्या निकालातील दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. जिला स्वतः बोलता येत नाही, तिच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. आईवडील, जोडीदार, जवळचे नातेवाईक, आणि ते नसतील तर जवळचा मित्र. येथे तो मित्र कोण? न्यायालय म्हणाले, केईएमचे कर्मचारी. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा कळवळा खरा होता, हे न्यायालयाने मान्य केले. पण रोज खाटेजवळ उभे राहणाऱ्यांचा शब्द त्यापेक्षा वजनदार ठरवला. निकाल ऐकून त्या परिचारिकांनी एकमेकींना पेढे भरवले. दिनांक १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली. तिचा अंत्यविधी कोणी करावा, हे सांगायलाही त्याच पुढे होत्या.

परिसेविका बाईंच्या त्या एका वाक्यानंतर मी हा सगळा निकाल मिळवून पुन्हा वाचला. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने परिचारिकांचा शब्द ग्राह्य धरला. आमच्या समितीने मात्र १७ जणींचा अर्ज पुढच्या सभेवर ढकलला होता.

पुढील सभेत मी विषय काढला, तेव्हा "फादर, तो ठराव झालेला आहे," असे उत्तर मिळाले. त्याच्या पुढील सभेतही तेच. खोली मिळायला आठ महिने लागले, तीही जुनी नव्हे. दुसऱ्या मजल्यावर रक्तपेढीच्या मागची. पण तिला खिडकी आहे, दोन खाटा आहेत, भिंतीला खुंट्या आहेत आणि दाराला आतून कडी आहे. त्या कडीचे श्रेय मी घेऊ शकत नाही. समिती सोडण्याची भाषा मी केली हे खरे. परंतु ते १७ सह्यांचे पत्र दर सभेला पुन्हा येत होते आणि प्रत्येक वेळी सह्या वाढत होत्या. अखेरच्या पत्रावर २९ होत्या.

दिनांक ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्री विसावा घेण्यासाठी सभागृहात गेलेल्या तरुण डॉक्टर मुलीचा खून झाला. त्या प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाला अरुणाची आठवण काढावी लागली. मधे ५१ वर्षे गेली होती. पाठ टेकण्यासाठी एक सुरक्षित खोली!

खोलीनंतर शब्दाकडे वळतो, कारण मला अधिक छळतो तो रात्रीचा तिसरा फोन.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये इटलीतील परिचारिकांच्या भेटीत स्वतःच्या तरुणपणाची एक आठवण सांगितली होती. सन १९५७. अर्जेंटिनात, विशीच्या उंबरठ्यावर असताना, ते फुप्फुसाच्या आजाराने मरणाच्या दारी होते. डॉक्टरांनी पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन यांची मात्रा लिहून दिली. सिस्टर कोर्नेलिया काराल्यो या डोमिनिकन धर्मभगिनी तेथे परिचारिका होत्या. अशा रुग्णांना त्यांनी जवळून पाहिले होते. ही मात्रा पुरणार नाही असे डॉक्टरांना सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, आणि मात्रा वाढली. पोपमहोदय त्यांचे नाव साठ वर्षांनंतर घेत होते. (आपल्या पिंपरीकरांना एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते : पेनिसिलिनसाठी देशातील सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो येथेच, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. ज्या औषधाने तो अर्जेंटिनातील तरुण वाचला, ते आपल्या गावात तयार होत असे.) परिचारिकांनी डॉक्टरांच्या लेखी आदेशात फेरफार करावा असे मी सुचवीत नाही, ते आजच्या नियमांत बसणारही नाही. ऐकणारा कान असावा, एवढेच.

इंग्लंडमध्ये या कानाची एक रीत बसवली आहे. तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणतक्ता सुरू केला. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्ध यांना गुण द्यायचे. श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक झाले की एकट्या त्याचे तीन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे. सात झाली की अतिदक्षतेच्या तयारीचे पथक यायचे. यातील खुबी अशी की, परिचारिकेला 'सर, मला बरे वाटत नाही' असे चाचरत म्हणावे लागत नाही. ती आकडा सांगते. माझी त्या रात्रीची बेरीज मी नंतर स्वतः करून पाहिली. ती पहिल्या फोनच्या वेळीच पाचाच्या वर होती.

आणि किती रुग्णांचे श्वास एक बाई मोजू शकते? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक व इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असा आहे. माझ्या वॉर्डात त्या रात्री ती २८ जणांत एकटी होती. तो महामारीचा काळ होता हे मान्य. पण साध्या दिवसांतही रात्री ११ वाजता कोणत्याही वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेवर सोपवलेला प्रत्येक जादा रुग्ण ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढवतो, असे त्यांना आढळले.

वेतनाबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी शिफारस केली : २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही निदान २०,००० रुपये. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. माझ्याकडे विवाहाची नोंदणी करायला येणाऱ्या मुली व्यवसायाच्या रकान्यात 'स्टाफ नर्स' लिहितात. पगाराचा रकाना आमच्या फॉर्मात नाही, पण त्या सांगतात. सांगितलेला आकडा ऐकून मी काही वेळा फॉर्मकडेच पाहत राहिलो आहे.

गणवेशाचीही एक आठवण येथे द्यावीशी वाटते. दिनांक २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने वॉर्डातील २० गरोदर स्त्रियांना आतल्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन लपवले. त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहात पोहोचवले. पुढे कसाबविरुद्ध साक्ष देण्याची वेळ आली. त्या गेल्या त्या परिचारिकेच्या गणवेशात. तसा त्यांचा आग्रह होता. सन २०२२ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांचे म्हणणे ऐकले. त्या रात्रीच्या वॉर्डात काय घडले, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा होता याबद्दल तेथे शंका नव्हती.

आमच्या समितीत २०२२ पासून वरिष्ठ परिसेविकेला एक जागा मिळाली आहे. पहिल्याच सभेत एका सन्माननीय सदस्यांनी, "सिस्टर, जरा चहाचे सांगता का?" असे विचारले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सांगते. आधी माझा विषय घ्या." त्यांचा विषय असा होता : रुग्णाचे आकडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले आणि दोन फोनांत डॉक्टर आले नाहीत, तर नाईट सिस्टरने थेट तज्ज्ञांना फोन करावा, त्या फोनची वेळ रजिस्टरात लिहावी, व त्याबद्दल तिला कोणी बोलू नये. माझ्या आजारपणाची हकिगत मी त्यांना सांगितली होती, तिचे नाव न घेता. नाव मला ठाऊकच नव्हते. त्यांनी अर्जावर नियमाला 'तिसरा फोन' असेच म्हटले होते. डॉक्टर मंडळींपैकी दोघांनी हरकत घेतली. ऊठसूट झोपमोड होईल असे त्यांचे म्हणणे. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मात्र सांगितले की, त्यांच्या उमेदवारीच्या काळात एका सिस्टरने त्यांना असेच उठवले नसते तर त्यांच्या हातून एक बाळंतीण गेली असती. नियम सहा महिन्यांसाठी मंजूर झाला. सहा महिन्यांत रजिस्टरात नऊ नोंदी झाल्या. झोपमोड एवढीच.

आणि गुलाब? या वर्षी मी फुले आणली नाहीत. मेमधील त्या रविवारी प्रवचनानंतर मी बाजूला बसलो आणि धर्मग्रामातील एका परिचारिकेला बोलण्याची विनंती केली. ती आधी तयार होईना. चाकणच्या एका लहान रुग्णालयात असते. लोकांपुढे कधी बोललेली नाही. अखेर वहीचे एक पान हाती घेऊन उभी राहिली. पाचेक मिनिटे बोलली. पेशंटला भेटायला एकदम बाराजण येऊ नका. पेशंट काय खातो, काय लपवतो, ते डॉक्टरला सांगायचे राहिले तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून ठेवतो. रात्री आम्हाला 'ए सिस्टर' म्हणून हाक मारू नका, आमच्या कोटावर नाव लिहिलेले असते, ते वाचा. घरच्या मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले तर तिला अडवू नका, पण कुठल्या हॉस्पिटलमध्ये जाते, तिथे रात्री थांबायला खोली आहे का, हे जाऊन बघून या.

शेवटचे वाक्य बोलताना तिने माझ्याकडे पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. मिस्सा संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले, एका आजीने तिचा हात धरून ठेवला होता. चहा ठेवला होता. पण तिची दुपारची ड्यूटी होती आणि नाशिक फाट्यापासून पुढे रविवारी रिक्षा लवकर मिळत नाही. कोणीतरी मोटारसायकल काढली. मागे बसताना तिने ते वहीचे पान घडी करून पर्समध्ये ठेवले.